तळं हललं नाही

दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. म्हणजे आप्पांचं आहे तसंच आहे, तुझी भावजय नेहमीसारखी माझ्या वेंधळेपणाच्या नावाने बोटं मोडते आणि तळं रोज बोटभर उतरतं आहे. फोनवर तुला ठेवायची घाई असते, म्हणून पत्र.

बातमी अशी की महिनाअखेर तळ्यावर यंत्र बसणार. पाण्याची पातळी ते आपलं आपण मोजणार आणि परस्पर कचेरीत कळवणार. आप्पांनी एकतीस वर्षं केलं आणि त्यांच्या जागी मी चार वर्षं करतो आहे ते काम, म्हणजे सकाळी पायऱ्या उतरायच्या, पाण्यातल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, ते सगळं एका पेटीत मावतं म्हणे. घाबरू नकोस, माझी नोकरी जात नाही. मला कचेरीत टेबल मिळणार आहे. गोगलगाईला टेबल शोभेल असं तू म्हणशील, ते मीच आधी म्हणून टाकतो.

जुन्या वह्या जमा करायच्या म्हणून कपाट उपसलं, तर दोन वह्यांच्या मध्ये एक फाडलेला कागद सापडला. अक्षर आप्पांचं. आधी वाटलं कसली तरी नोंद असेल, पण ओळी अर्ध्यातच संपतात. मग लक्षात आलं की ही कविता आहे. आपल्या आप्पांनी कविता केली, ताई. खाली उतरवून देतो.

वारा पडला. झाडं उभी राहिली.
बगळ्यानं एक पाय वर घेतला
आणि तो खाली ठेवायचं विसरला.
तळ्यानं डोळा उघडा ठेवला,
पण आत कुणाला येऊ दिलं नाही.
पोरगी गेली.
तळं हललं नाही.
आठ दिवस मी काठावर,
पाणी मला वाचत होतं.

आप्पांना कागद दाखवला. बघितला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. आजारपणाला आता नऊ महिने होतील. उजवा हात उचलत नाही, तोंडून शब्द नाही. डॉक्टरांनी डाव्या हातात पेन्सिल द्यायला सांगितलं आहे, ती ते रोज नेमाने खाली टाकतात. सकाळी मात्र मी त्यांना तळ्यापर्यंत नेतो आणि ते पायरीवर बसून राहतात.

तू वर्गात कविता शिकवतेस. हिचा अर्थ काय ते मला समजेल असं लिही. आणि या सुट्टीत ये. आप्पांचा आता काही भरवसा नाही, हे डॉक्टर म्हणाले ते मी तुला फोनवर सांगू शकलो नव्हतो.

लोभ असू दे, त्याची तरी पातळी उतरू नये.

तुझा,
गोगलगाय


दि. ९ मार्च

चि. गोगलगाईस,
अ. आ.

पत्र मिळालं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत उघडलं आणि पुढचा तास पाच मिनिटं उशिरा घेतला. आजवर असं झालं नव्हतं.

अर्थ विचारलास, तर बाईंसारखाच सांगते. ही कविता स्तब्धतेची आहे. पहिल्या ओळीत वारा थांबतो आणि झाडं 'उभी राहतात'. झाडं उभीच असतात, मग हे कशाला सांगायचं? तर कुणी मोठं माणूस खोलीत आलं की आपण उभे राहतो, तशी ती उभी राहिली आहेत. तळ्याला डोळा आहे आणि ते कुणाला आत येऊ देत नाही. ज्याच्यात जीव नाही त्याला माणसासारखं वागवणं, याला चेतनगुणोक्ती म्हणतात. मी तुला हे तीन वेळा शिकवलं होतं आणि तू तिन्ही वेळा 'चेतन म्हणजे वर्गातला तो का' असं विचारलं होतंस. विसरलेला पाय म्हणजे थांबलेला काळ. इथपर्यंत कविता चांगली आहे. आप्पांची आहे म्हणून नाही, खरंच चांगली आहे.

आता पुढच्या दोन ओळी. पोरगी गेली, तळं हललं नाही. यात तळं म्हणजे कोण, हे मी वर्गात विचारलं असतं तर मागच्या बाकावरूनही हात वर आले असते. तळं म्हणजे ते स्वतः. मी गेले आणि त्यांना काही वाटलं नाही. नंतर 'आठ दिवस' आहेत. आपण बोलण्यात आठ दिवस म्हणतो तेव्हा मोजत नाही, थोडे दिवस असंच म्हणायचं असतं. थोडे दिवस काठावर बसले, मग उठले आणि कामाला लागले.

तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, तुला सगळं ठाऊक नाही. आई गेल्यावर घर मी सांभाळलं, आणि आप्पांनी त्यांच्याच कचेरीत माझ्यासाठी कारकुनीची जागा बघून ठेवली होती. मला शिकवायचं होतं. शब्दाला शब्द वाढला आणि मी म्हणून गेले की तुम्ही जन्मभर एका काठीकडे बघत बसलात, मला नाही बसायचं. सकाळी माझी गाडी होती, तर ते नेहमीच्या वेळेला तळ्यावर निघून गेले. निरोप द्यायला थांबलेसुद्धा नाहीत. चौदा वर्षं ते मला पाण्यात पाहतात, हे मी मनाशी धरून चालले आहे. गेल्या वर्षी दवाखान्यात धावत आले, तर मला बघून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू शेजारीच होतास.

तेव्हा सुट्टीत मी येत नाही. तपासायचे पेपर पुष्कळ आहेत. त्यांच्या औषधांची यादी पाठव, इथे स्वस्त मिळतात.

भावजयीला माझा आशीर्वाद, आणि तिच्या बोटं मोडण्याला माझा पाठिंबा.

तुझी,
ताई


दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. मग सकाळी तळ्यावर उभा होतो तेव्हा एकदम उजेड पडला, आणि आता मला हसू येतं आहे. तूही हसशील.

ताई, ही कविता तुझ्यावर नाहीच. यात चेतन बितन कुणी नाही. आप्पांनी जे समोर दिसतं तेच लिहिलं आहे. काठाशी सिमेंटचा उभा पाइप आहे, तुझ्या वेळी होता का ते आठवत नाही. त्याच्या तळाला बारीक भोक आहे, त्यातून तळ्याचं पाणी आत येतं. बाहेर कितीही लाटा असल्या तरी आत पाणी स्वस्थ असतं, म्हणून वारा असला की पट्टीऐवजी तिथला आकडा घेतो, तो बिनचूक मिळतो. त्या भोकाला आप्पा डोळा म्हणतात. डोळा उघडा ठेवायचा, म्हणजे गाळ साचू द्यायचा नाही. आणि आत कुणाला येऊ द्यायचं नाही, म्हणजे लाटांना.

आता पोरगी. त्या पाइपात तारेला बांधलेला पत्र्याचा पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो, तो वरखाली झाला की वरचा आकडा हलतो, आणि त्याला आप्पा पोरगी म्हणतात. मला काम शिकवताना रोज विचारायचे की पोरगी नीट बसली आहे का, पोरगी आज काय म्हणते. एकदा तार तुटली आणि गोळ्याला चीर पडून तो तळाला गेला होता, असं त्यांनीच मला सांगितलं आहे. पोरगी गेली म्हणजे गोळा गेला. तळं हललं नाही म्हणजे आकडा हलला नाही, कारण गोळाच नाही तर आकडा हलणार कसा. आठ दिवसांनी नवा गोळा आला असेल. बगळा तर अजूनही तिथेच असतो, हा नाही तर याचा मुलगा.

आणि भिंतीचं. मी हे तुला आधीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी आप्पांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं आणि लाळ गळत होती. माझ्यासमोर त्यांना चालत होतं. तू दारात दिसलीस आणि त्यांनी मान फिरवली. नंतर त्यांनी खुणेने माझ्याकडे आरसा मागितला होता. तू तोवर निघून गेली होतीस.

तेव्हा राग सोड आणि ये. औषधांची यादी पाठवत नाही, येताना विचार म्हणजे यावं लागेल.

लोभ ठेव, निदान गोगलगाईच्या वेगाने तरी वाढू दे.

तुझा,
गोगलगाय


दि. १८ मार्च

चि. गोगलगाईस,
अ. आ.

तू कवितेची जी चिरफाड केलीस ती वाचून हसले हे खरं. शाळेत तुला कवितेत दहापैकी दोन गुण मिळायचे, ते त्या बाईंनी दयेने दिले होते याची आज खात्री पटली.

आरशाचं वाचलं.

पण एक सांगते, हसून झाल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. रागाच्या कवितेत निदान मी होते. तुझ्या गोळ्याच्या कवितेत मी कुठेच नाही. चौदा वर्षांत आप्पांनी एकदा लिहायला घेतलं आणि ते पत्र्याच्या डब्यावर लिहिलं, हे ऐकण्यापेक्षा माझ्यावर चिडून लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी बाई वेडीच आहे म्हण.

पाइप माझ्या वेळी नव्हता. आम्ही पायरीवर उभे राहून उघड्या पाण्यातल्या पट्टीवरच वाचायचो. पहाटेचा वारा पडेपर्यंत थांबायचो. मी लहान असताना पाण्यात पाय सोडून बसायचे आणि ते सांगायचे की बाळ, हलू नको, तू हललीस की तळं हलतं. मी श्वास धरून बसायचे. मग ते आकडा वाचायचे आणि मी तो वहीत लिहायचे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. 'आठ दिवस' हे बोलण्यापुरतं आहे असं मी तुला लिहिलं, पण आप्पा कधी बोलण्यापुरता आकडा सांगत नसत. अर्धा तास झाला की ते अट्ठावीस मिनिटं म्हणत. तेव्हा वह्या जमा करण्याआधी एवढं बघ की तुझी ती पोरगी कोणत्या साली बुडाली आणि किती दिवस. मग मी यायचं की नाही ते ठरवते.

तुझी,
ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी चुकलो. सगळंच चुकलो, पण सांगतो क्रमाने, नाही तर माझाच गोंधळ होईल.

आधी गोळ्याची नोंद शोधली. तार तुटली ते खरं, पण दुपारपर्यंत आप्पांनी नवी तार आणि नवा गोळा लावला होता. एक दिवससुद्धा आकडा चुकला नाही. मग पाइप कधी बसवला ते बघितलं. तू गेल्यावर तीन वर्षांनी. म्हणजे त्याआधी ना डोळा होता ना गोळा. गोळ्याला पोरगी हे नाव आप्पांनी तू नसताना ठेवलं आहे, आणि तिला रोज काय म्हणतेस असं विचारत होते. मी चार वर्षं ते ऐकलं आणि मला काही कळलं नाही.

मग तू गेलीस त्या वर्षाची वही काढली. तिचं शेवटचं पान फाडलेलं आहे. उशीखालचा कागद हळूच काढून लावून बघितला, कड बरोबर जुळली.

तू गेलीस ती तारीख अकरा मे. त्या दिवशीची पातळी चार मीटर बासष्ट. बारा मेला चार बासष्ट. तेरा मेला चार बासष्ट. असं एकोणीस तारखेपर्यंत, बारापासून मोजून आठ दिवस. ताई, मे महिन्यात तळं एका जागी राहूच शकत नाही. ऊन पाणी ओढतं, रोज बोटभर उतरतंच. हे आप्पांइतकं कुणाला ठाऊक होतं? भर तापात ते पट्टी वाचायला जायचे, एक रेघ इकडची तिकडे होऊ देत नसत. त्यांनी आठ दिवस खोटा आकडा लिहिला. तू गेलीस तेव्हा पाणी जिथे होतं तिथेच धरून ठेवलं.

कचेरीतल्या साहेबांनी समासात लाल शाईने विचारलं आहे की आठ दिवस पातळी एकच कशी, खुलासा करावा. पस्तीस वर्षांच्या वह्यांत लाल शाई मला तेवढ्या एकाच पानावर दिसली. खाली आप्पांनी लिहिलं आहे, पाणी स्थिर होते.

वीस तारखेला चार एक्कावन्न. एकदम अकरा सेंटिमीटर खाली, म्हणजे खरा आकडा. वहीत शेऱ्याचा एक रकाना असतो, तिथे आम्ही वारा, ढग, गढूळ असं लिहितो. वीस तारखेच्या शेऱ्यात लिहिलं आहे, 'टपाल आले.'

मला त्या आठवड्यातलं एवढंच आठवतं की घरात भात रोज करपायचा आणि आप्पा तो तसाच खायचे.

आता तूच अर्थ सांग. मला दहापैकी दोनच पुरेत.

तुझा,
गोगलगाय


दि. २५ मार्च

चि. गोगलगाईस,
अनेक आशीर्वाद, आणि दहापैकी दहा.

मी पाच तारखेच्या सकाळच्या गाडीने येते. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. पेपर सोबत आणते, भावजय आणि मी मिळून बेरजा करू.

ते टपाल माझंच होतं. नुसतं कार्ड. पोचले, खोली बरी आहे, काळजी नसावी, एवढंच लिहिलं होतं. पत्ता तुझ्या नावाने घातला होता. दहा वर्षांच्या पोराच्या नावाने, म्हणजे त्यांना मुद्दाम टोचावं. त्यांना खाली नमस्कारसुद्धा लिहिला नव्हता, आणि तेवढ्या ओळीवर त्यांनी तळं सोडलं.

इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की कवितेत तळं म्हटलं की ते तळं नसतं, खाली खोल दुसरं काहीतरी असतं ते शोधा. आणि घरची कविता हातात आल्यावर मीच ते वरवर वाचलं. तू उलट टोकाला गेलास. आपण दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. तळं हललं नाही, कारण त्यांनी ते हलू दिलं नाही. तू हललीस की तळं हलतं, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. मी हलले, आणि तळ्याला कळू नये म्हणून एक माणूस आठ दिवस काठावर श्वास धरून बसला. तो उठला नाही, कामाला लागला नाही. मी तुला हे खोटं लिहिलं होतं.

आणि पाण्यात पाहणं. याचा अर्थ मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, मनात आकस धरणं. चौदा वर्षं ते मला पाण्यात पाहत होते, हे मी अगदी बरोबर लिहिलं होतं रे. मला फक्त अर्थ माहीत नव्हता.

मला रडू येतं आहे आणि समोर सहावीचा वर्ग बसला आहे. त्यांना उतारा लिहायला दिला आहे, म्हणून माना खाली आहेत.

हे पत्र आप्पांना वाचून दाखव. त्यांच्यासाठी यात वेगळी ओळ घालते. ती. आप्पांस साष्टांग नमस्कार. ते काठीचं मी बोलले ते बोलायला नको होतं. पायरीवर माझी जागा ठेवा, पाय पाण्यात सोडणार नाही.

तुमच्या लोभाचं माझ्यावर जे देणं आहे, त्याचा हिशेब पेपरांसारखा तिथे बसून तपासू.

तुझी,
ताई


दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू निघायच्या आत हे मिळेल. पाच तारखेला फाट्यावर घ्यायला मी येतो. भावजय खोली झाडून घेते आहे आणि तुझी पेपरांची बेरीज ऐकून आजारी पडायच्या बेतात आहे. औषधं तिकडून आण, यादी सोबत जोडली आहे.

परवा संध्याकाळी तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. वह्यांचं मी आधी काही बोललो नव्हतो, म्हणून थोडा भीतच होतो की आपली चोरी पकडली म्हणून चिडतील. तुझी ओळ आली तिथे त्यांनी डाव्या हाताने पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. वाचायला बराच वेळ लागला. मी दिवा जवळ सरकवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

काल सकाळी नेहमीसारखं त्यांना तळ्यावर नेलं. यंत्राची माणसं सोमवारी येणार, म्हणजे वहीत लिहायचे दोनच दिवस उरले होते. वारा अजिबात नव्हता. पाणी इतकं स्वस्थ होतं की पट्टी आणि तिचं प्रतिबिंब यातलं खरं कोणतं ते बघावं लागलं. मी आकडा वाचला, तीन मीटर चोवीस, आणि वहीत लिहिला. शेऱ्यात 'वारा नाही' लिहिणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्या मनगटाला धरलं आणि पेन्सिल मागितली.

मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताने लिहायला त्यांना फार कष्ट पडले. पेन्सिल दोनदा निसटली, दोन्ही वेळा त्यांनी ती परत मागितली. अक्षर बालवाडीतल्या मुलासारखं आलं आहे आणि रकान्याबाहेर गेलं आहे. कचेरीतले उद्या लाल शाईने विचारतील की काठावर झुळूक नाही, लाट नाही, मग हा शेरा कसला. मी खुलासा देईन.

आकडा माझा आहे, शेरा त्यांचा. त्यांनी लिहिलं आहे, 'हललं.'

पायरी धुऊन ठेवली आहे. पाय पाण्यात सोडलेस तरी चालेल.

तुझा,
गोगलगाय